पार्नेल खरेच घटस्फोटामुळे संपला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल या एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश नेत्यावर वाचनमंडळात तासाभर बोलायचे आहे. जे जे वाचले त्यात 'घटस्फोटाच्या खटल्याने कारकीर्द संपली' हे वाक्य आहेच, आणि त्याच पानावर हेही आहे की कॅप्टन ओशे या खासदाराची पत्नी कॅथरिन हिच्याशी त्याचे संबंध दहा वर्षे चालू होते व राजकारणातल्या अनेकांना ठाऊक होते. मग १८९० मध्येच आभाळ का कोसळले? आणि होमरूल, म्हणजे आयर्लंडचे स्वराज्य, मिळालेच नाही, तर या माणसाने मिळवले काय?

मी अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला. त्या काळात ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे खंड पुष्कळ वाचले. पार्नेल हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून जरा लांबीने लिहितो.

उत्तर तुम्ही कोणत्या दाराने आत शिरता त्यावर बरेचसे अवलंबून आहे, हे आधी मान्य करतो. पश्चिम आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या कुळाच्या बाजूने पाहिले तर पार्नेलची खरी गोष्ट १८८२ मध्येच संपते. वेस्टमिन्स्टरच्या बाजूने पाहिले तर तिचे शिखर १८८६ मध्ये आहे. कॅथरिन ओशेच्या घरातून पाहिले तर ती त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत चालते. तुम्ही 'कारकीर्द' हा शब्द वापरला आहे, म्हणून मी संसदेचे दार धरतो.

मी विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला लावत असे. डावीकडे वर्ष, मधे 'पार्नेलला कोणाची गरज होती' आणि उजवीकडे 'पार्नेलची गरज कोणाला होती'. आयुष्यभराच्या घटना या दोन रकान्यांत भरत गेलात की तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यातच दिसू लागते. आपण तो भरत जाऊ.

पार्नेल १८४६ मध्ये विक्लो परगण्यातल्या अ‍ॅव्हनडेलला जन्मला. प्रॉटेस्टंट जमीनदाराचा मुलगा, आई अमेरिकन. केंब्रिजला गेला आणि पदवी न घेता परतला. कॅथलिक कुळांच्या देशाचा नेता प्रॉटेस्टंट जमीनदार कसा झाला, हे तुमच्या श्रोत्यांना नवल वाटेल. पण त्याच्या आधीचा नेता आयझॅक बट हाही प्रॉटेस्टंट होता, त्यामुळे त्या काळात यात फार जगावेगळे काही नव्हते. यावर वेळ घालवू नका.

एप्रिल १८७५ मध्ये मीथच्या पोटनिवडणुकीतून तो हाऊस ऑफ कॉमन्समध्ये आला. त्या वेळी बट यांच्याबरोबर होमरूलचे नाव घेणारे साठेक आयरिश खासदार होते, पण तो पक्ष म्हणजे सैल बांधलेली मोळी होती. ज्याला वाटेल तो वाटेल तिकडे मत देई. बट सभ्य, विद्वान वकील. दरवर्षी ठराव मांडत, सभागृह ऐकून घेई आणि बहुमताने फेटाळून लावी. पार्नेलने पाहिले की या सभागृहात बोलणाऱ्याला थांबवण्याचा नियमच नाही. बेलफास्टचा व्यापारी जोसेफ बिगर याने ही फट आधीच हेरली होती. सरकारी अहवाल तासन्तास वाचत बसायचे, दर कलमाला दुरुस्ती सुचवायची, तहकुबीचा ठराव आणायचा. १८७७ च्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेविषयीच्या विधेयकावर मूठभर आयरिश खासदारांनी सभागृहाला सलग २६ तास बसवून ठेवले.

हे पोरकट वाटू शकते. मलाही सुरुवातीला वाटले होते. पण कामकाजाचे ते खंड वाचल्यावर माझे मत बदलले. पार्नेलच्या दुरुस्त्या बहुधा मुद्द्याला धरून असत. तुरुंगातली वागणूक, लष्करातली फटक्यांची शिक्षा असे विषय तो धरी आणि त्यात खरोखर काही बदल पदरात पाडूनही घेई. मुख्य म्हणजे हे सगळे तो इंग्लंडसाठी करत नव्हता. डब्लिन, लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कमधला आयरिश माणूस दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडून पाही की आपल्यातला कोणीतरी त्या सभागृहाला घाम फोडतो आहे. तक्त्याच्या या ओळीत मधला रकाना जवळजवळ रिकामा आहे. त्याला कोणाचीच गरज नव्हती आणि गमावण्यासारखेही काही नव्हते.

दुसरी ओळ १८७९ ची. सलग वाईट हंगाम, बटाट्याचे पीक बुडालेले, अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे भाव पडलेले. पश्चिमेकडच्या कुळांना खंड देता येईना आणि जमीनदार त्यांना घराबाहेर काढू लागले. मायकेल डेव्हिट हा तुरुंगवास भोगून आलेला क्रांतिकारक मेयोत ही चळवळ बांधत होता. त्याच्या आग्रहावरून पार्नेल जूनमध्ये वेस्टपोर्टच्या सभेला गेला आणि घरे-जमिनी घट्ट धरून ठेवा, असे कुळांना सांगून आला. ऑक्टोबरमध्ये लँड लीग स्थापन झाली आणि पार्नेल तिचा अध्यक्ष झाला. पाठोपाठ तो अमेरिकेचा दौरा करून आला. तिथल्या प्रतिनिधिगृहापुढे बोलण्याचा मानही त्याला मिळाला. १८८० च्या निवडणुकीत तो तीन ठिकाणांहून निवडून आला, त्यातले कॉर्क शहर त्याने ठेवले आणि मे महिन्यात पक्षाचा अध्यक्ष झाला.

सप्टेंबर १८८० चे एनिसचे भाषण मात्र श्रोत्यांना जरूर सांगा. दुसऱ्या कुळाला हुसकून लावलेल्या जमिनीवर जो जाऊन बसेल त्याचे काय करायचे, असे त्याने सभेला विचारले. 'गोळी घाला' असे आवाज आले. त्यावर त्याने अधिक ख्रिस्ती, अधिक दयाळू असा दुसरा मार्ग सुचवला. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्येसुद्धा त्याच्याशी व्यवहार तोडा, पूर्वी महारोग्याला दूर ठेवत तसे ठेवा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वाळीत टाकणे. काही आठवड्यांतच लॉर्ड अर्नच्या इस्टेटीचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर हा प्रयोग झाला. शेतात पीक उभे आणि काढायला माणूस नाही. अखेर उत्तरेकडून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य व पोलीस. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च त्या बंदोबस्तावर झाला. 'बॉयकॉट' हा शब्द तिथून जगभर गेला. वाळीत टाकण्याचा त्रास ज्यांनी आपल्या समाजात सोसला आहे त्यांना हे हत्यार निरागस वाटणार नाही, आणि ते निरागस नव्हतेच. लहान माणसावर ते फार क्रूरपणे चालले. हे सांगितल्याशिवाय त्या भाषणाचे कौतुक करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

१८८१ मध्ये सरकार दडपशाहीचे विधेयक घेऊन आले तेव्हा आयरिश खासदारांनी ४१ तास बैठक चालवली. शेवटी २ फेब्रुवारीच्या सकाळी सभापती ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवली. चर्चा बंद करण्याचे जे नियम नंतर ब्रिटिश संसदेत आले, त्यांचे मूळ या सकाळी आहे. त्याच वर्षी लिबरल पक्षाचा पंतप्रधान ग्लॅडस्टन याने जमीन कायदा केला. वाजवी खंड ठरवणारी न्यायालये, खंड भरत राहिल्यास कुळाला जमिनीवरून न काढण्याची हमी आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक, या तीन गोष्टी कुळांना मिळाल्या. ऑक्टोबरमध्ये पार्नेलला किलमेनहॅम तुरुंगात टाकले, मे १८८२ मध्ये समझोता होऊन सोडले. थकबाकीदार कुळांना सरकारने दिलासा द्यायचा आणि पार्नेलने चळवळ शांत करायची, असा तो सौदा. चारच दिवसांनी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयर्लंडचा कारभार पाहणारा नवा मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि उपसचिव बर्क यांचे खून झाले. पार्नेल इतका हादरला की त्याने राजीनाम्याची तयारी दाखवली. ग्लॅडस्टनने त्याला थांबवले.

इथे तक्त्याकडे पाहा. १८८२ मध्ये पार्नेलला कुळांची आणि अमेरिकेतल्या पैशांची गरज आहे. त्याची गरज मात्र कुळांना आहे, क्रांतिकारकांना आहे आणि आता शांतता हवी असलेल्या पंतप्रधानालाही आहे. याच वेळी कॅथरिन ओशेशी त्याचे संबंध जुळलेले आहेत, तिला त्याच्यापासून मूल झालेले आहे, आणि त्याच्या व ग्लॅडस्टनच्या मधला निरोप तीच पोचवते आहे. तिचा नवरा कॅप्टन विल्यम ओशे स्वतः क्लेअरचा खासदार. १८८१ मध्ये त्याने पार्नेलला द्वंद्वयुद्धाचे आव्हानसुद्धा दिले होते. म्हणजे ठाऊक असलेले लोक होतेच, पण बोलून कोणाचा फायदा नव्हता.

आता ज्या भागाकडे बहुतेक लेखक धावतपळत पाहतात तो भाग. १८८२ ते १८८५ या काळात पार्नेल सभागृहात फारसा दिसत नाही. 'आळशी झाला' असेही लिहिलेले तुम्हाला सापडेल. पण याच तीन वर्षांत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे यंत्र उभे केले की तसे ब्रिटिश राजकारणात आधी नव्हते. लँड लीगच्या जागी नॅशनल लीग आली आणि तिची सूत्रे पक्षाच्या हाती राहिली. प्रत्येक उमेदवाराकडून लेखी शपथ घेतली जाऊ लागली: पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर वागेन, पक्षाबरोबर मत देईन, आणि बहुमताला मी चुकलो असे वाटले तर राजीनामा देईन. त्या काळी ब्रिटिश खासदारांना पगार नसे, तो १९११ पासून सुरू झाला. म्हणून पैसे नसलेल्या खासदारांना पक्षनिधीतून मदत मिळू लागली. वार्ताहर, दुकानदार, छोटे वकील संसदेत आले, आणि ते पक्षाचे मिंधे होते. उमेदवार ठरवायला परगण्यापरगण्यात मेळावे भरत, त्यात कॅथलिक धर्मगुरूंना पदसिद्ध जागा होती. १८८४ मध्ये बिशपांनी शिक्षणाचा प्रश्न संसदेत मांडण्याचे काम या पक्षाकडे सोपवले. प्रॉटेस्टंट नेत्यामागे कॅथलिक चर्च उभे राहिले ते असे, देवाणघेवाणीतून.

त्यातच मताधिकार वाढला आणि १८८५ च्या अखेरीस निवडणूक झाली. हे आकडे फळ्यावर लिहा: लिबरल ३३५, कॉन्झर्व्हेटिव्ह २४९, पार्नेलचे ८६. पहिल्या दोन आकड्यांची वजाबाकी करा. बरोबर ८६ येते. पार्नेलने कॉन्झर्व्हेटिव्हांना टेकू दिला तर बरोबरी आणि लिबरलांना दिला तर भक्कम बहुमत. आयर्लंडच्या १०३ पैकी ८५ जागा आणि लिव्हरपूलमधली एक. निवडणुकीत त्याने ब्रिटनमधल्या आयरिश मतदारांना कॉन्झर्व्हेटिव्हांना मत द्या म्हणून सांगितले होते. निकालानंतर ग्लॅडस्टन होमरूलला अनुकूल झाला आणि त्याने ८ एप्रिल १८८६ ला विधेयक मांडले. जूनमध्ये ते ३० मतांनी पडले, कारण ग्लॅडस्टनच्याच पक्षातले ९३ जण विरोधात गेले.

विधेयक पडले, पण तक्ता उलटा झाला तो याच दिवसांत, आणि माझ्या मते तुमच्या भाषणाचा कणा हाच असावा. तोपर्यंत पार्नेल दोन्ही इंग्लिश पक्षांना खेळवू शकत होता. ग्लॅडस्टनने आपला पक्ष फोडून घेऊन होमरूलला बांधून घेतले, त्या क्षणी पार्नेलसुद्धा लिबरलांना बांधला गेला. कॉन्झर्व्हेटिव्हांकडे जायची वाट बंद झाली. आता होमरूल यायचे तर लिबरल निवडून यायला हवेत, आणि लिबरलांची मते इंग्लंड-वेल्समधल्या चॅपेलला, म्हणजे सरकारमान्य चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांच्या प्रार्थनागृहांत, जाणाऱ्या धार्मिक, नीतिनिष्ठ लोकांची. पार्नेलच्या सत्तेचा एक पाय इंग्लिश चॅपेलमध्ये आणि दुसरा आयरिश चर्चमध्ये, असे झाले. चळवळीचा पाय मात्र त्याने स्वतःच उचलून घेतला होता. १८८६ पासून कुळांनी नवी मोहीम चालवली तिच्यापासून तो दूर राहिला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉलवेची पोटनिवडणूक झाली. पार्नेलने तिथे कॅप्टन ओशेला उमेदवार म्हणून लादले. ओशेने पक्षाची शपथ घ्यायलाही नकार दिला होता. बिगर आणि टिमोथी हीली हे बिनीचे सहकारी उघड विरोधाला उभे राहिले. पार्नेल स्वतः गॉलवेला गेला आणि माझे नेतृत्व हवे की नको, एवढाच प्रश्न ठेवून त्याने सगळ्यांना नमवले. ओशे निवडून आला आणि होमरूलच्या मतदानात गैरहजर राहिला. ज्या नेत्याने प्रत्येकाकडून शपथ लिहून घेतली, त्याने खासगी कारणासाठी ती मोडली. कारण काय हे हीलीला कळत होते. वर्तमानपत्रांनाही कुणकुण होती. त्याच वर्षी मे महिन्यात, कॅथरिनचे घर जिथे होते त्या एल्थमजवळ पार्नेलच्या गाडीची एका गाड्याशी टक्कर झाली, तेव्हा लंडनच्या एका सायंदैनिकाने तो तिकडे कशाला राहतो याची सूचक बातमी छापली. १८९० मधली कडवट भाषा गॉलवेत पेरली गेली असे मी मानतो.

इथपर्यंतचे दोन ओळींत सांगायचे तर: १८७७ मध्ये पार्नेलला कोणाची गरज नव्हती, १८८६ नंतर त्याला चर्च, लिबरल आणि स्वतःचे खासदार या तिघांचीही होती, आणि तिघांनाही आता त्याच्यापेक्षा होमरूलची गरज अधिक होती.

मधले पिगॉट प्रकरण रंजक आहे, म्हणून ते तुमचा अर्धा वेळ खाऊन टाकेल. त्याला पाच मिनिटेच द्या. एप्रिल १८८७ मध्ये 'द टाइम्स'ने पार्नेलच्या सहीचे म्हणून एक पत्र छापले, त्यात फिनिक्स पार्कच्या खुनांचे समर्थन होते. पुढे चौकशी आयोगापुढे, ती पत्रे पुरवणारा पत्रकार रिचर्ड पिगॉट याची उलटतपासणी झाली. त्याला काही शब्द लिहायला सांगितले, तेव्हा 'हेझिटन्सी' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये त्याने तीच चूक केली जी त्या बनावट पत्रांपैकी एकात होती. तो माद्रिदला पळाला आणि तिथे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मार्च १८८९ मध्ये पार्नेल सभागृहात आला तेव्हा विरोधी बाकांवरचे सदस्य उठून उभे राहिले. याचा परिणाम पुढे नडला. कॅप्टन ओशेने २४ डिसेंबर १८८९ ला घटस्फोटाचा दावा लावला, तेव्हा हाही पिगॉटसारखाच डाव असेल असे लोकांना वाटले, आणि मी निष्कलंक बाहेर येईन असे पार्नेलनेही सहकाऱ्यांना सांगितले.

ओशेने नेमके तेव्हाच दावा का लावला? कॅथरिनची श्रीमंत मावशी, जिच्या पैशांवर कॅथरिनचे आणि ओशेचे अशी दोन्ही घरे चालत, ती मे १८८९ मध्ये वारली. ती असेपर्यंत गप्प राहण्यात ओशेचा लाभ होता. तिने सगळी संपत्ती कॅथरिनच्या नावे ठेवली आणि त्या मृत्युपत्रावर वाद सुरू झाला. गप्प राहण्याची किंमत मिळणे बंद झाले.

आता तारखा सावकाश वाचा. १७ नोव्हेंबर १८९०: निकाल. पार्नेलने बचावच केला नाही, म्हणून नोकराचाकरांच्या साक्षी, आगीच्या शिडीवरून पळून गेल्याच्या कथेसह, न खोडलेल्या राहिल्या. २० नोव्हेंबर: डब्लिनच्या सभेत पक्षाचा पार्नेलला पाठिंबा. २५ नोव्हेंबर: खासदारांनी त्याला पुन्हा अध्यक्ष निवडले. म्हणजे घटस्फोटानंतर आठवडाभर पार्नेल पडलेला नव्हता! पण इंग्लंडमध्ये चॅपेलवाल्यांचा संताप उसळला होता. पार्नेल राहिला तर माझ्या नेतृत्वाला काही अर्थ उरणार नाही, असे पत्र ग्लॅडस्टनने आपला सहकारी जॉन मॉर्ले याच्याकरवी पाठवले. ते पार्नेलपर्यंत निवडीआधी पोचले नाही, आणि त्याच संध्याकाळी ग्लॅडस्टनने ते वर्तमानपत्रांना दिले. ज्यांनी दुपारी हसतमुखाने मत दिले त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशी प्रश्न आला: पार्नेल की होमरूल?

तरीही मार्ग होता. काही महिने बाजूला हो, मग परत ये, अशी विनवणी अनेकांनी केली. पार्नेलने २९ तारखेला जाहीरनामा काढून ग्लॅडस्टनशी झालेली खासगी बोलणी आपल्या बाजूने उघड केली आणि लिबरलांवर दगाबाजीचा आरोप केला. पूल त्याने जाळला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संसदेच्या १५ क्रमांकाच्या खोलीत पक्षाची बैठक चालली. अध्यक्षस्थानी स्वतः पार्नेल, आणि आपल्याविरुद्धचा ठराव तो मताला टाकू देईना. तिसऱ्याच दिवशी बिशपांचे विरोधातले पत्रक आले. ग्लॅडस्टन पक्षाचा मालक होईल, असे पार्नेलच्या बाजूचा जॉन रेडमंड म्हणाला, त्यावर हीलीने विचारले, 'मग पक्षाची मालकीण कोण?' ६ डिसेंबरला चाळीसहून अधिक खासदार पक्षाचा उपाध्यक्ष जस्टिन मॅकार्थी याच्याबरोबर उठून गेले. पार्नेलबरोबर तीससुद्धा उरले नाहीत. बहुमताला मान देण्याची शपथ पार्नेलने इतरांकडून घेतली होती. ती पाळणारे बाहेर पडले.

पुढचे दहा महिने मला आजही वाचवत नाहीत. उत्तर किलकेनी, उत्तर स्लायगो, कार्लो या तिन्ही पोटनिवडणुकांत त्याचे उमेदवार हरले. एका गावी त्याच्या डोळ्यांत चुना फेकला गेला. गावोगावचे धर्मगुरू, जे त्याच्या मेळाव्यांचे खांब होते, तेच विरोधी प्रचाराला उभे होते. जून १८९१ मध्ये त्याने कॅथरिनशी लग्न केले. ६ ऑक्टोबरला तो होव्ह येथे वारला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

दुसरा प्रश्न, मिळवले काय? होमरूल नाहीच, १८९३ चे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर होऊन वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, पडले. उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या प्रॉटेस्टंटांना होमरूलची जी भीती वाटे तिला त्याने कधी गंभीरपणे घेतले नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. पण जमीनदारी मोडायची सुरुवात त्याच्या काळातली, शिस्तबद्ध पक्ष त्याचा, आणि आयर्लंडचे स्वराज्य हा इंग्लंडमधल्या एका मोठ्या पक्षाचा कार्यक्रम झाला तो त्याच्यामुळे. यातले काही आपल्यापर्यंतही आले. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे आयरिश खासदार होते आणि फुटीत ते पार्नेलविरोधी गटात होते. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात स्थापलेल्या संघाच्या नावातला 'होमरूल' तिकडचाच शब्द.

तुम्ही पाठवलेल्या टिपणांत एक दुरुस्ती करा. २५ नोव्हेंबरची फेरनिवड आणि ग्लॅडस्टनचे पत्र तुम्ही दोन वेगळ्या भागांत टाकले आहे, मधे घटस्फोटाच्या साक्षी आल्या आहेत. साक्षी आधी घ्या, आणि ती दुपार व ती संध्याकाळ एकाच दमात सांगा.